आवरलेल्या खोलीचा खटला

३ मार्च

मैने,

तुला आशीर्वाद. फोनवर तू ऐकतेस कमी आणि बोलतेस जास्त, म्हणून हे पत्र. कागद पाठकोरा आहे. मागची बाजू वाचत बसू नकोस, ते गच्ची साफ ठेवण्याबद्दलचं आमच्या इमारतीचं जुनं परिपत्रक आहे.

कामाचं आधी सांगते. माझ्यावर खटला भरला आहे! कोर्टातला नव्हे, इमारतीतला. सतरा तारखेला खालच्या हॉलमध्ये सभा आहे, आणि तिच्यात विषय एकच: तुझी आत्या.

इमारतीत आम्हाला सोडून अकरा बिऱ्हाडं, हे तुला ठाऊक आहे. अकराही जणांची जादा किल्ली माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असते. कोणी कुलूप लावून किल्ली आत विसरतं, कोणाची मुलं शाळेतून लवकर येतात. मी दिवसभर घरातच, तेव्हा हे काम आपसूक माझ्याकडे आलं. चौदा वर्षं झाली. नियम साधा आहे: मालकाने सांगितल्याशिवाय किल्ली काढायची नाही. एकदाही मोडला नव्हता.

आमच्या डोक्यावर राहते ती शिवणवाली. ती आणि तिचा नवरा आठ दिवस लेकाकडे गेले होते. गेल्या मंगळवारी दुपारी मी भांडी पुसत होते, तोच वरून धाडकन आवाज आला. एवढा की भांडं हातातून सुटलं. वर जाऊन बेल वाजवली. आत कोण असणार? तिला फोन केला, लागेना. आमचे सेक्रेटरी, निवृत्त पोस्टमास्तर, बाहेर गेलेले. मनात नाही नाही ते यायला लागलं. चोर असेल, कपाट पडलं असेल, इस्त्री चालू राहिली असेल. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली लावली.

आत काही नव्हतं. खिडकी उघडी राहिली होती आणि वाऱ्याने इस्त्रीचं टेबल आडवं झालं होतं. खिडकी लावून खाली आले.

शुक्रवारी ती परत आली. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. “या” म्हटलं, तर सरळ स्वयंपाकघरात गेली, स्वतःची किल्ली काढून घेतली आणि एक शब्द न बोलता वर निघून गेली. बावीस वर्षांचा शेजार! भांडली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी इमारतीतले दातांचे डॉक्टरही आपली किल्ली मागायला आले. हसत हसत आले, पण आले.

तू ते जुन्या काळच्या वक्त्यांचं शास्त्र शिकतेस ना? कोणतं कृत्य चांगलं, कोणतं अन्यायाचं, हे सभेला कसं पटवायचं, असं काहीतरी तू मागे सांगत होतीस आणि मी मटार सोलत होते. आता नीट लिहून पाठव. मला सभेत उभं राहायचं आहे. किल्ल्या गेल्या तर गेल्या, पण चौदा वर्षांनी “हिच्यावर भरवसा नाही” असं ठरलं तर मी जिन्यातून मान वर करून जायची कशी?

तुझी आत्या

७ मार्च

आत्या,

नमस्कार. पत्र वाचून मी वसतिगृहाच्या खोलीत उड्या मारल्या. रागावू नकोस! पुढच्या महिन्यात माझी याच विषयाची परीक्षा आहे आणि मला घरबसल्या एक जिवंत खटला मिळाला.

तुझी बाजू भक्कम आहे. ऐक. हजारो वर्षांपूर्वीचे ते लोक म्हणत, आरोपी बऱ्याचदा कृत्य नाकारत नाही, कृत्याला दिलेलं नाव नाकारतो. “घेतलं, पण चोरलं नाही.” तू म्हणायचंस, “उघडलं, पण घुसले नाही.”

दुसरं. लिहिलेला नियम कधीच पुरा पडत नाही, कारण लिहिणाऱ्याला पुढचं सगळं दिसत नसतं. म्हणून नियमाचे शब्द बाजूला ठेवून तो करणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं. किल्ल्यांचा नियम घराच्या रक्षणासाठी केला ना? मग घरात धाडकन आवाज झाल्यावर नियम पाळत बसणं म्हणजेच नियम मोडणं. हे वाक्य पाठ कर, आत्या. सभेत टाळ्या पडतील.

तिसरं. ज्यात करणाऱ्याचा स्वतःचा फायदा नसतो, जे तो एकटा पुढे होऊन करतो, दुसरे मागे राहिले असताना करतो, ते कृत्य स्तुतीला पात्र. पोस्टमास्तर कुठे होते? दातांचे डॉक्टर कुठे होते? तू होतीस!

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही. तू खिडकी लावलीस आणि खाली आलीस. मग तू आत गेली होतीस हे शिवणवाल्या मावशींना कळलं कसं? आणि एवढ्या कारणावरून त्या अबोला धरतील? लहानपणी माझ्या बाहुलीला त्यांनी चार झगे शिवून दिले होते. एवढ्यातेवढ्यावरून रुसणारी बाई नाही ती.

तुझी मैना

१० मार्च

मैने,

तू वकील हो. नको त्या ठिकाणी बोट ठेवतेस.

खिडकी लावणं आणि खाली येणं, यांच्यामध्ये पाऊण तास होता.

तू तिची खोली हल्ली पाहिली नाहीस. मोठं टेबल, त्यावर कापलेलं काळं कापड. खुर्च्यांवर कापड. जमिनीवर चादर टाकून तिच्यावर अस्तर. जिकडेतिकडे टाचण्या, खडूची भुकटी, सिंकमध्ये कप. मला राहवलं नाही. मनात म्हटलं, बिचारी दमून भागून येईल, आल्यावर तिला बरं वाटेल. टाचण्या एक एक काढून डबीत भरल्या. कापडाचे तुकडे झटकले, खडू पुसला, लहानमोठे लावून छान घड्या केल्या आणि एकावर एक रचून ठेवल्या. कप धुतले. खाली आल्यावर तुझ्या काकांना सांगितलं, तर म्हणाले, “फक्त केर काढायचा राहिला म्हणायचा.” मी गप्प बसले, कारण तोही काढला होता.

आता काय झालं ते पोस्टमास्तरांकडून कळलं. ते दोन कोट होते. एका वाद्यवृंदात दोघे भाऊ वाजवतात, पंचवीस तारखेला त्यांचा कार्यक्रम आहे. दोघांना एकाच कापडाचे कोट, मापं मात्र वेगळी. थोरल्याचं सगळं टेबलावर, धाकट्याचं खुर्च्यांवर, असं तिने मांडलं होतं. धाकटा व्हायोलिन वाजवतो, त्याचा उजवा हात सारखा वर जाणार, म्हणून त्या बाजूला बाही बसते तो मुंढा तिने वेगळा बेतला होता. बाही कुठे जोडायची, कुठे किती सैल सोडायची, ते सगळं खडूने लिहिलेलं होतं. दीड आठवड्याचं काम. मी झटकलं.

मी आत गेल्याचं तिला कळलं कसं म्हणतेस? दार उघडताच कळलं असेल गं. खोली चकाचक होती.

तुला आधी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. तीन दिवस जपाला बसते, आणि माळ हातात राहते, मन वरच्या मजल्यावर जातं. काल तिच्या दारापर्यंत गेले होते. आत मशीन चालू होतं. चालता चालता मध्येच थांबलं, तेव्हा मीच घाबरून खाली पळाले.

आता तुझं शास्त्र काय म्हणतं?

आत्या

१३ मार्च

आत्या,

मी तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

पण शास्त्र हरत नाही. ते लोक म्हणत, माणूस जे काही करतो त्यामागे सातांपैकी एक कारण असतं: योगायोग, निसर्ग, जबरदस्ती, सवय, विचार, राग किंवा इच्छा. तू सरळ “सवय” म्हण. तीस वर्षं संसार करणारी बाई पसारा दिसला की आवरते, हात आपोआप चालतात. सवयीला कोण शिक्षा देणार?

आणखी एक युक्ती आहे. स्तुती करताना शेजारच्या गुणाचं नाव घ्यायचं. माणूस आततायी असेल तर त्याला शूर म्हणायचं, उधळ्या असेल तर उदार. म्हणजे लुडबुडीला—माफ कर!—काळजी म्हणायचं. “माझा गुन्हा एवढाच, की मी जास्त काळजी केली.” एवढं म्हणून खाली बस. डोळ्याला पदर लावलास तरी चालेल. आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, हा बचाव बिनतोड आहे.

तरी लिहून ठेवते, पुस्तकात याच्या पुढे एक वाक्य आहे. कोणाचं वाईट मनात नव्हतं आणि असं होईल हे कळणं शक्यही नव्हतं, तो अपघात. वाईट मनात नव्हतं पण कळायला हवं होतं, ती चूक. मनातच वाईट होतं, तो अन्याय. सभेत अपघात म्हण, चूक म्हणू नकोस. चूक म्हटलं की दोष आपल्या पदरात पडतो.

सभा झाली की लगेच लिही. माझं अभ्यासात लक्ष नाही.

मैना

१८ मार्च

मैने,

काल सभा झाली. तुझं सगळं पाठ केलं होतं. नियम पाळणं म्हणजे नियम मोडणं, ते वाक्य आंघोळ करतानासुद्धा म्हणत होते. तुझ्या काकांनी बाहेरून विचारलं, “कोणाला दम देते आहेस?”

पण शनिवारी दुपारी तुझी ती सात कारणं घेऊन बसले. योगायोग? टेबल पडलं तो योगायोग, घड्या मी केल्या. जबरदस्ती? कोणी धरून आणलं नव्हतं. सवय? इथे जरा थांबले, कारण मोह झाला. मग आठवलं, दातांच्या डॉक्टरांच्या घरी मी शंभरदा गेले आहे. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांचे ढीग छताला लागलेत, एकालाही कधी हात लावला नाही. सवय असती तर तिथेही हात चालला असता.

मग मनाशी खरं बोलले. त्या खोलीत उभी असताना मला आनंद झाला होता, मैने. वाटलं, सगळी इमारत हिच्या हाताचं कौतुक करते, आणि घर बघा! हिला आवरता येत नाही, मला येतं. शेजारच्या गुणाचं नाव घ्यायचं म्हणतेस. मीही तेच केलं होतं, फक्त उलटं. तिच्या मांडणीला पसारा म्हटलं आणि माझ्या फुशारकीला मदत. खटला मीच भरला होता आणि निकालही मीच दिला होता. ती बिचारी तेव्हा गावातही नव्हती.

हॉलमध्ये सगळे आले होते. ती शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पोस्टमास्तरांनी घसा साफ केला, म्हणाले, “आरोप असा, की—”

मी म्हटलं, “आरोप नको, मीच सांगते.” उभी राहिले. म्हटलं, “आवाज ऐकून दार उघडलं त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा आवाज आला तर पुन्हा उघडीन. खिडकी लावल्यानंतरच्या पाऊण तासाबद्दल मागते. तो अपघात नव्हता. शिवणाऱ्याच्या टेबलावरचा खडू पुसू नये, हे शाळेतल्या पोरीलाही कळतं, मला कळायला हवं होतं. चूक आहे. आणि मी काळजीपोटी केलं असंही म्हणणार नाही. मी खोली आवरली नाही. मी यांना नापास केलं, आणि माझी चूक अशी की परीक्षा घ्यायला मला कोणी बोलावलंच नव्हतं.”

एवढंच. पदर डोळ्याला लावला नाही, पण नाक पुसावं लागलं.

मग मागून ती म्हणाली, “माझ्या घरात पसारा नसतो, बाई. अर्धं झालेलं काम असतं.”

“कळलं,” मी म्हटलं.

“सिंकमधले कप तेवढा पसारा होता. ते धुतलेत, बरं केलंत.”

डॉक्टर हसले, मग सगळेच. पोस्टमास्तरांनी टेबल वाजवलं. “मुद्दा असा की, किल्ल्या यांच्याकडे ठेवायच्या का?”

ती म्हणाली, “मग काय तुमच्याकडे ठेवायच्या? आवाज झाला तर या तरी धावत येतात. तुम्ही आधी नोटीस काढाल.”

हात वर झाले. दहा. डॉक्टरांनी तर उठून खिशातली किल्ली माझ्या हातात दिली. मी जिंकले म्हणायचं. पण अकरावा हात वर नव्हता. पोस्टमास्तरांनी विचारलं, “आणि तुमची किल्ली?”

“माझी माझ्याकडेच राहील,” ती म्हणाली.

इतकं बोलून झाल्यावर, इतकं हसून झाल्यावर! मग ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता माझ्या खुर्चीशी थांबली. “पाऊण तास मोकळा असतो ना तुम्हाला? उद्या दुपारी तीनला वर या. बेल वाजवून. कोट उभे करायचेत आणि आठवडा उरलाय.”

आता पावणेतीन झालेत. पाकीट नंतर चिकटवीन.

आत्या

२१ मार्च

आत्या,

मी हरले, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तुझं पत्र सरांना वाचायला दिलं. (परवानगी न घेता दिलं. हा अपघात नाही, चूक आहे.) त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “तुमच्या आत्यांनी बचाव सोडून दिला, म्हणून त्यांचं बोलणं खरं वाटलं. बोलणाऱ्याचा स्वभाव हाच सगळ्यांत मोठा पुरावा, हे मी तुम्हाला तासभर शिकवलं होतं.” मग मला म्हणाले, “आणि तुम्ही त्यांना पदर डोळ्याला लावायला सांगत होतात.” वर्ग हसला. मी टेबलाखाली जायची बाकी होते.

एक सांग, शिवणवाल्या मावशी किल्ली न देता बोलावतात, याचा अर्थ माफ केलं की नाही? आणि कोट? पंचवीस तारीख चार दिवसांवर आली!

मैना

२७ मार्च

मैने,

पत्र दाखवल्याबद्दल कान पिळायला हवा, पण सरांना माझा नमस्कार सांग.

कोट झाले. रोज तीनला मी बेल वाजवत होते. ती आतून “या” म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी. पहिले दोन दिवस आम्ही नुसते तुकडे जुळवत होतो. ती मापं सांगायची, मी पट्टी धरायची. माझं इंच मोजणं तिला पसंत पडलं. चौकटीच्या वहीत घरखर्च लिहायची सवय असलेली बाई अर्धा सूतही सोडत नाही, म्हणाली. कोणता तुकडा कुठला ते कळलं, पण व्हायोलिनवाल्याची उजवी बाही काही केल्या ओळखू येईना. दोन बाह्या अगदी जावांसारख्या, सारख्याही आणि वेगळ्याही. शेवटी तिने धाकट्या भावालाच बोलावलं. “वाजवा,” म्हणाली. तो बिचारा कच्च्या टाक्यांच्या कोटात उभा राहून वाजवायला लागला, आणि ही त्याच्या काखेकडे बघत टाचण्या तोंडात धरून त्याच्याभोवती फिरते आहे! पहिल्या बाहीला हात वर जाताच मागे ओढ पडली. दुसरी लावली, तर हात सरळ वर गेला. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या मान डोलावण्यासाठी मी आणखी महिनाभर पट्टी धरली असती.

परवा कार्यक्रम झाला. आम्ही दोघी गेलो होतो. सगळे लोक वाजवणं ऐकत होते, आम्ही मुंढा बघत होतो.

तिने माफ केलं की नाही, विचारतेस. मी तिला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. काल काय झालं ते सांगते, तूच ठरव.

कोट गेले, तरी मी तीनला गेले. तिने “कशाला आलात?” विचारलं नाही. टेबलावर नवं काम पसरलेलं—मांडलेलं—होतं, कोणाच्या तरी लेकीचा झगा, निळं कापड, खडूच्या रेघाच रेघा. तेवढ्यात तिला बटणं आणायची आठवण झाली. “दहा मिनिटांत येते,” म्हणाली आणि चपला घालून गेली. मला एकटीला ठेवून! त्या खोलीत!

मी खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. अगं, दहा मिनिटं किती मोठी असतात! अस्तराचं एक टोक जमिनीला टेकत होतं. रीळ उलगडून लांबवर गेलं होतं. टेबलाच्या अगदी काठाला मोठी कात्री, अर्धी बाहेर. तिच्याकडे बघून बघून माझ्या कपाळाला घाम आला. मनात देवाचं नाव घेत बसले, पण जागची हलले नाही.

ती आली. दारातून आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कात्री उचलून आत सरकवली.

“ही दिसली नाही का?”

“दिसली.”

“मग सरकवली का नाही? पडली असती तर टोक गेलं असतं.”

“तुमच्या वस्तूला हात—”

“अहो, एवढं तरी करायचं!” ती म्हणाली आणि खुर्चीत बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मीही. खालून तुझे काका काठीने छत ठोकायला लागले, वर काय पडलं म्हणून.

तुझ्या पुस्तकात बघू नकोस, तिथे नसेल. आज तीनला तिलाच विचारणार आहे, काय सरकवायचं आणि काय नाही. एका दिवसात सगळं सांगून होणार नाही म्हणते.

परीक्षा नीट दे.

आत्या